कुठे ठेवले आहे, ते सांगा!

(कुंभकोणम येथे पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मराठी पाठ)

पोलीस एखाद्या माणसाला घरातून, शेतावरून किंवा कामाच्या जागेवरून घेऊन जातात, तेव्हा त्याच्या घरच्यांच्या तोंडून निघणारा पहिला प्रश्न एकच असतो : 'कुठे नेले?' गुन्हा कोणता, कलम कोणते, जामीन मिळेल की नाही, हे प्रश्न मागाहून येतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत बाकीच्यांना हातच घालता येत नाही. वकील उभा करायचा तर कोणत्या न्यायालयात? औषध पोचवायचे तर कोणत्या दरवाज्यावर? भेटीचा अर्ज करायचा तर कोणत्या अधीक्षकाकडे? श्रीमंताच्या मुलाला पकडले तर दूरध्वनी खणखणतात आणि तासाभरात पत्ता लागतो. शेतमजुराची बायको मात्र दोन दिवस ठाण्याच्या पायरीवर बसून राहते, आणि 'इथे नाही, जा' एवढेच ऐकून परत येते.

बंदिवान कुठे आहे, कोणत्या आरोपाखाली आहे आणि त्याची प्रकृती कशी आहे, हे बाहेर कळणे हा आपल्या देशात कायद्याने मान्य झालेला हक्क आहे. पण हा हक्क कागदावर आपोआप उतरला नाही आणि आजही तो आपोआप अमलात येत नाही. माणसाचे नाव नोंदवहीत चढण्यापूर्वीचे तास त्याच्या जिवाला सर्वांत धोक्याचे असतात. त्या तासांत बाहेर संघटित माणसे उभी राहून लेखी प्रश्न विचारीत असतील, तर तो धोका कमी होतो. हे काम पक्षाच्या व जनसंघटनांच्या तालुका समित्यांचे आहे, हेच आज सांगावयाचे आहे.

तंजावरची भूमी

हा वर्ग कुंभकोणमला भरावा, हे उचितच आहे. मराठी वाचकाला तंजावर जिल्हा परका नाही. १८५५ पर्यंत येथे भोसल्यांचे राज्य होते आणि तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर मराठी शिलालेख आजही उभा आहे. येथील जमीनदाराला 'मिरासदार' म्हणत. तो शब्दही मराठी खेड्याच्या ओळखीचा. मठ-देवस्थानांच्या आणि मिरासदारांच्या भातशेतीवर पिढ्यान्‌पिढ्या राबणारे सालगडी म्हणजे 'पन्नैयाळ'. ते बहुतांशी दलित होते. चाबकाचे फटके आणि शेण कालवलेले पाणी पाजणे ही त्यांची शिक्षा होती. कॉ. बी. श्रीनिवास राव यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी १९४० च्या दशकात या माणसांना लाल बावट्याखाली उभे केले, आणि त्याच लढ्याच्या रेट्यामुळे १९५२ साली पन्नैयाळांच्या संरक्षणाचा कायदा झाला.

याच अविभाजित तंजावर जिल्ह्यातील कीळवेण्मणी येथे २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री ४४ दलित शेतमजूर, त्यांच्या बायका व मुले झोपडीत जिवंत जाळली गेली. मजुरी वाढवून मागणे आणि लाल बावटा खाली न उतरवणे, हा त्यांचा अपराध. पुढे जमीनदार उच्च न्यायालयातून निर्दोष सुटले. शेतमजुरांवरही त्याच रात्रीच्या एका खुनाबद्दल खटला चालला आणि शिक्षा झाल्या. अशा प्रसंगी वस्तीपुढे एकाच वेळी दोन प्रश्न उभे राहतात : मेले कोण आणि पकडले कोण? पहिल्या प्रश्नावर देश हळहळतो. दुसऱ्याचे उत्तर शोधायला मात्र वस्तीतल्याच माणसांना तुरुंगाच्या दारोदार फिरावे लागते.

सेलमचा तुरुंग : दोन प्रसंग

कुंभकोणमच्या वायव्येला असलेल्या सेलमच्या मध्यवर्ती तुरुंगाचे नाव आपल्या चळवळीच्या इतिहासात दोनदा येते.

पहिला प्रसंग ११ फेब्रुवारी १९५० चा. देश प्रजासत्ताक होऊन अवघे सोळा दिवस झाले होते. त्या दिवशी तुरुंगात झालेल्या गोळीबारात २२ कम्युनिस्ट बंदिवान ठार झाले. त्यांतील बहुतेक मलबारचे शेतकरी कार्यकर्ते होते. त्यांची गावे दूर, भाषा निराळी. भिंतीआड काय घडते हे सत्तेखेरीज कोणाला कळत नसेल, तर भिंतीआड काहीही घडू शकते, हा त्या दिवसाचा धडा आहे.

त्याच महिन्याच्या अखेरीस प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा आला. त्याच्या कलम १४ अन्वये स्थानबद्धतेची कारणे न्यायालयापुढे उघड करण्यास मनाई होती. परवानगीवाचून ती प्रकट करणे हा गुन्हाच ठरविला होता. म्हणजे माणूस आत का आहे, हे त्याने न्यायाधीशालाही सांगू नये! या कायद्याला कॉ. ए. के. गोपालन यांनी तुरुंगातून आव्हान दिले. १९ मे १९५० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तो मुख्यतः त्यांच्या विरुद्ध गेला आणि त्यांची सुटका झाली नाही. पण कलम १४ मात्र घटनाबाह्य म्हणून रद्द झाले. बंदिवानाच्या तोंडावरचे कुलूप स्वतंत्र भारतात पहिल्याने निघाले ते एका कम्युनिस्ट बंदिवानाच्या अर्जावर, ही गोष्ट तरुण कार्यकर्त्यांना माहीत असली पाहिजे.

दुसरा प्रसंग १९९२ चा. धर्मपुरी जिल्ह्यात सित्तेरी डोंगराच्या पायथ्याशी वाचाती नावाचे आदिवासींचे गाव आहे. चंदनाच्या चोरीचा शोध घ्यायचा म्हणून २० जून १९९२ रोजी वनखाते, पोलीस आणि महसूल खात्याची माणसे गावावर तुटून पडली. १८ स्त्रियांवर बलात्कार झाला, घरे-धान्य उद्ध्वस्त झाले, पुरुष डोंगरात पळाले, आणि स्त्रिया व मुले मिळून शंभरांहून अधिक माणसे सेलमच्या तुरुंगात कोंडली गेली. सरकारी कागदावर त्या सर्व 'आरोपी' होत्या. गावात सांगायला माणूस नव्हता आणि जी सांगू शकत होती ती गजांआड होती.

ही भिंत फोडली ती आदिवासी संघटनेच्या व मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या कार्यकर्त्यांनी. ओसाड गाव त्यांनी पाहिले, पांगलेल्या माणसांना गाठले, हकिकती जमविल्या. पक्षाचे राज्य सचिव कॉ. ए. नल्लसिवन यांनी न्यायालयात धाव घेतली. १९९५ साली मद्रास उच्च न्यायालयाने तपास केंद्रीय अन्वेषण खात्याकडे दिला. २६९ सरकारी नोकरांवर खटला चालला. निकाल लागेपर्यंत त्यांतील ५४ मरण पावले होते. उरलेले सर्वच्या सर्व २१५ जण २९ सप्टेंबर २०११ रोजी दोषी ठरले. मद्रास उच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२३ रोजी त्यांची अपिले फेटाळली. एकतीस वर्षांच्या या लढाईच्या मुळाशी 'गावातील माणसे कुठे आहेत?' हा साधा प्रश्न होता.

'आम्ही अटक केलीच नाही'

बंदिवानाची नोंदच केली नाही, तर शोध घेणाऱ्याची वाट पहिल्या पायरीवरच बंद होते. आणीबाणीत याचे शास्त्रच झाले. कालिकतच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातील राजन या विद्यार्थ्याला १ मार्च १९७६ रोजी पोलिसांनी पकडले. त्याचे वडील, प्राध्यापक ईचर वारियर, वर्षभर अधिकारी, मंत्री आणि छावण्या यांच्याकडे फेऱ्या घालीत राहिले. २८ एप्रिल १९७६ रोजी तर सर्वोच्च न्यायालयानेच बहुमताने निर्वाळा दिला होता की, आणीबाणी असेपर्यंत बंदिवानासाठी न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांनी एकट्याने विरोधी मत नोंदविले. आणीबाणी उठताच, मार्च १९७७ मध्ये, वारियर यांनी केरळ उच्च न्यायालयात बंदीप्रत्यक्षीकरणाचा, म्हणजे हेबियस कॉर्पसचा, अर्ज केला. राजनला अटक झालीच नव्हती, असा पवित्रा शासनाने घेतला. न्यायालयाने तो मानला नाही. राजन कोठडीत मारला गेल्याचे पुढे कबूल करावे लागले. आणीबाणीतील गृहमंत्री आणि तोवर मुख्यमंत्री झालेले काँग्रेसचे के. करुणाकरन यांना एप्रिल १९७७ मध्ये राजीनामा द्यावा लागला. पित्याला मुलाचे शवही मिळाले नाही.

आणीबाणी संपली म्हणून ही रीत संपली नाही. जानेवारी १९९४ मध्ये गाझियाबादच्या पोलिसांनी जोगिंदर कुमार या तरुण वकिलाला 'चौकशीसाठी' बोलावून घेतले. घरच्यांना 'सोडतो' असे सांगत राहिले आणि नंतर त्याला अज्ञात ठिकाणी हलविले. सर्वोच्च न्यायालयात अर्ज गेल्यानंतर तो हजर केला गेला, तेव्हा पोलिसांचे म्हणणे असे की, तो आपखुशीने मदत करीत होता! जिथे कायद्याच्या पदवीधराची ही गत, तिथे पन्नैयाळाच्या नातवाची काय कथा?

कायद्याने मान्य केलेले

या लढ्यांतूनच आजचा कायदा घडला आहे. मुंबईच्या कोठड्यांतील स्त्रियांच्या हालांविषयी पत्रकार शीला बारसे यांनी लिहिलेल्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली आदेश दिला की, अटक होताच पोलिसांनी नजीकच्या कायदेसाहाय्य समितीला व बंदिवान सांगेल त्या आप्ताला कळविले पाहिजे. पश्चिम बंगालमधील कायदेसाहाय्य संस्थेचे डी. के. बसू यांनी १९८६ साली पाठविलेल्या पत्रावर डिसेंबर १९९६ मध्ये निकाल झाला आणि अकरा नियम घालून दिले गेले. त्यांत अटकेचा मेमो, त्यावर साक्षीदाराची सही, आप्ताला खबर आणि जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात फलकावर नोंद या गोष्टी आल्या.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत या तरतुदी कलम ३६, ३७ आणि ४८ मध्ये आहेत. कलम ३७ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात व प्रत्येक पोलीस ठाण्यात, सहायक उपनिरीक्षकाहून कमी दर्जाचा नसलेला एक अधिकारी नेमून दिलेला असतो. अटक झालेल्यांची नावे, पत्ते आणि आरोपाचे स्वरूप ठेवणे ही त्याची जबाबदारी असून, ही माहिती ठाण्यात व जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावावयाची आहे. कलम ४८ प्रमाणे बंदिवान सांगेल त्या व्यक्तीला अटकेची जागा व कोठडीचे ठिकाण कळवावयाचे आहे, आणि ते कळविले की नाही याची खात्री दंडाधिकाऱ्याने करून घ्यावयाची आहे.

याच संहितेने दुसऱ्या हाताने काय घेतले, तेही पाहा. पूर्वी पोलीस कोठडी पहिल्या पंधरा दिवसांतच मिळे. आता कलम १८७ प्रमाणे ते पंधरा दिवस तुकड्यातुकड्यांनी, गुन्ह्याच्या गंभीरतेनुसार पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत केव्हाही घेता येतात. तुरुंगात पोचलेला माणूस पुन्हा पोलिसांच्या ताब्यात जाऊ शकतो. म्हणजे 'कुठे ठेवले आहे?' हा प्रश्न आता एकदा विचारून भागत नाही.

नाव, लिपी आणि भाषा

नोंद झाली तरी ती सापडेलच असे नाही. सांगली जिल्ह्याच्या खानापूर-आटपाडी भागातील हजारो माणसे सोन्या-चांदीच्या गलाई व्यवसायासाठी दक्षिणेत गावोगावी पसरलेली आहेत. चोरीचे सोने घेतल्याच्या संशयावरून पोलीस त्यांच्यातील एखाद्याला उचलतात, तेव्हा खबर गावी पोचते ती अर्धवट : 'मद्रासकडे कुठेतरी धरला आहे.' तामिळ लिपीत क, ख, ग, घ यांना एकच अक्षर आहे. तसेच ट, ठ, ड, ढ यांना. खाडे, गाडे आणि काटे ही तिन्ही आडनावे तामिळ नोंदवहीत एकाच रूपात लिहिली जाऊ शकतात, आणि तेथून रोमन लिपीत गेल्यावर चौथेच नाव तयार होते. शिवाय तामिळ रीतीप्रमाणे आडनाव गळून बापाच्या नावाचे आद्याक्षर पुढे लागते. म्हणून केवळ नावावर विसंबून 'असा कैदी नाही' हे उत्तर मान्य करू नये. बापाचे नाव, वय, गाव, अटकेची तारीख, पोलीस ठाणे आणि गुन्हा रजिस्टर नंबर, ज्याला तामिळनाडूत 'क्राइम नंबर' म्हणतात, एवढे सांगून पुन्हा विचारावे.

याच संदर्भात महाराष्ट्रातील एका खटल्यात ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल लक्षात ठेवण्याजोगा आहे. कोणत्याही गुन्ह्यातील अटकेची कारणे लेखी आणि बंदिवानाला समजणाऱ्या भाषेत दिली पाहिजेत, आणि तत्काळ देणे शक्य नसेल तर दंडाधिकाऱ्यापुढे नेण्याच्या निदान दोन तास आधी दिली पाहिजेत, असे न्यायालयाने सांगितले. परप्रांतात राबणाऱ्या मजुराच्या दृष्टीने याचे मोल फार मोठे आहे. कुंभकोणमच्या कॉम्रेडने मराठी मजुरासाठी आणि सोलापूरच्या कॉम्रेडने तामिळ मजुरासाठी हा निकाल वापरला, तर कामगारवर्गाची एकजूट ही केवळ ठरावातली गोष्ट राहणार नाही.

कामाची पद्धत

आता प्रत्यक्ष काम. पहिल्या तासात चार गोष्टी लिहून ठेवाव्यात : किती वाजता नेले, कोठून नेले, कोणी पाहिले, गाडीचा क्रमांक काय. लगेच ठाण्यात दोन-तीन जणांनी जाऊन नेमलेल्या अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. पोच नाकारली तर तोच अर्ज जिल्हा पोलीस अधीक्षकाकडे रजिस्टर टपालाने व ई-मेलने पाठवावा. तोंडी विचारणा विसरली जाते, तारीख-वेळ घातलेला कागद पुढे न्यायालयात बोलतो.

घटनेच्या २२ व्या अनुच्छेदाप्रमाणे, प्रवासाचा वेळ वगळून, चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे सक्तीचे आहे. तेव्हा दुसऱ्या दिवशी एक कार्यकर्ता न्यायालयात हजर पाहिजे. दंडाधिकाऱ्याच्या आदेशावर कोठडी कोणती, कारागृह कोणते, हे लिहिलेले असते. या भागातला माणूस पोलीस ठाण्यातून दंडाधिकाऱ्यापुढे, तेथून सब-जेलमध्ये आणि पुष्कळदा पुढे तिरुचिरापल्लीच्या मध्यवर्ती कारागृहात जातो. प्रत्येक मुक्कामावर प्रवेशाची नोंद असते, आणि प्रत्येक हलवाहलवीत माणूस नजरेआड होण्याचा संभव असतो. मुलाखतीसाठी आता ई-मुलाखत नावाची नोंदणी आहे. मात्र स्वस्थ बसून पडद्यावर नाव शोधणे पुरेसे नाही, दरवाज्यावर जावेच लागते.

वकील परवडत नसेल तर तालुका व जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. कोठडीतील माणसाला मोफत वकील मिळणे हा १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिलेला हक्क आहे. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात, माणसाच्या जीविताशी वा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती ४८ तासांत देण्याचे बंधन आहे. अर्जाच्या माथ्यावर तसा स्पष्ट उल्लेख करावा. आणि चोवीस तास उलटूनही पत्ता नसेल, तर उच्च न्यायालयात बंदीप्रत्यक्षीकरणाचा अर्ज करण्यास विलंब लावू नये. तंजावर जिल्ह्यासाठी त्याचे ठिकाण मदुरा खंडपीठ आहे. दंडाधिकाऱ्याचा रीतसर कोठडी-आदेश झाल्यावर हा अर्ज सहसा टिकत नाही, म्हणून त्याची धार पहिल्या काही तासांतच असते.

जागा कळली म्हणजे काम संपले असे नाही. जून २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात साथानकुळम येथे दुकान उघडे ठेवल्याच्या आरोपावरून बाप-लेकाला ठाण्यात बेदम मारहाण झाली. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने त्यांना सुमारे शंभर किलोमीटरवरच्या कोविलपट्टीच्या सब-जेलमध्ये धाडले गेले आणि चार दिवसांच्या आत दोघेही मरण पावले. ते कुठे आहेत हे कागदोपत्री ठाऊक होते. ते कसे आहेत, हे दंडाधिकाऱ्याने डोळे उघडून पाहिले नाही. म्हणून आपला प्रश्न दुहेरी असावा : माणूस कुठे आहे, आणि कसा आहे? वैद्यकीय तपासणीच्या अहवालाची मागणी पहिल्याच दिवशी झाली पाहिजे.

दोन पथ्येही पाळावीत. अठरा वर्षांखालील मुलाचे नाव कधीही जाहीर करू नये, त्याला कायद्याचे संरक्षण आहे. आणि 'आत माझी ओळख आहे, पैसे द्या, निरोप आणतो' म्हणणाऱ्या दलालांपासून घरच्यांना वाचवावे. जी माहिती कायद्याने फुकट मिळावयाची ती विकत घेण्यासाठी मंगळसूत्र गहाण पडते, ही आपल्या संघटनेची उणीव समजली पाहिजे.

कॉम्रेड्स, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे दर शंभरांतील पंच्याहत्तरांहून अधिक माणसांचा गुन्हा अजून सिद्ध व्हावयाचा होता. यांत आपल्या पक्षाचे सभासद थोडे आणि आपल्या वर्गाची माणसे फार. वाचातीच्या स्त्रियांच्या हाती पक्षाचे सभासदपत्र होते की नाही, हे कॉ. नल्लसिवन यांनी विचारले नव्हते.

प्रत्येक तालुका समितीने या महिन्यात एवढे करावे : तीन जणांचे पथक नेमावे, त्यात एक स्त्री-कार्यकर्ती असावी. आपल्या हद्दीतील ठाणी, न्यायालये, सब-जेल आणि विधी सेवा प्राधिकरण यांचे पत्ते व दूरध्वनी एका वहीत उतरवावेत. प्रत्येक ठाण्यात जाऊन कलम ३७ चा फलक लावला आहे की नाही ते पाहावे, नसेल तर लेखी मागणी करावी. परभाषिक मजुरांच्या वस्तीत एक दुभाषी हेरून ठेवावा. अटकसत्र सुरू झाल्यावर वही शोधत बसण्यापेक्षा ती आधीच भरलेली असावी. मग ठाण्याच्या पायरीवर बसलेल्या बाईला 'जा' म्हणणाऱ्याला उत्तर देण्यासाठी ती एकटी असणार नाही.